ऑफिसात पूर्ण अंध सहकारी रुजू होतेय – नेमकी काय तयारी लागते?

दगडफूल | सोमवार, सकाळी ११:२०
नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक कनिष्ठ लिपिक रुजू होताहेत. पूर्ण अंध आहेत. सरळसेवेची परीक्षा देऊन रीतसर निवड झालीय.

साहेब म्हणाले, "काय लागतं ते तुम्हीच बघा." शाखेचं म्हणणं, त्यांना फोनवर बसवा आणि विषय संपवा. आमच्याकडे दिवसभरात येणारे फोन बोटांवर मोजता येतील आणि त्यातले निम्मे "साहेब आहेत का" एवढंच विचारायला. तेवढ्यासाठी एक पद खर्ची घालणं मला पटत नाही. शाखेत तीन टेबलांचं काम एकाच माणसाच्या गळ्यात आहे. मला काम करणारा माणूस हवाय.

तर ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा. संगणकावर काय टाकावं लागतं, खर्च किती येतो? नस्तीवर (म्हणजे फाइलवर) टिपणी त्या स्वतः लिहू शकतील का? सेवापुस्तकं हाताने लिहिलेली आहेत, त्यांचं काय करायचं? सहीचं काय?

शेवटचा_बाक | सोमवार, सकाळी ११:४१
तीन टेबलं, एक माणूस. कार्यालय सरकारीच आहे याची खात्री पटली. धागा वाचतोय.

काळी_दोन | सोमवार, दुपारी २:०५
मी स्वतः पूर्ण अंध आहे, बँकेत कर्ज विभागात काम करतो. हा प्रतिसाद मीच टाइप करतोय. आधीच सांगतो, कारण कुणीतरी विचारतंच.

पहिलं काम म्हणजे त्यांनाच फोन लावा. परीक्षा पास होऊन आलेली मुलगी संगणक कसा वापरते हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. इथे चाळीस प्रतिसाद जमवण्यापेक्षा तो एक फोन कामाचा.

आता सॉफ्टवेअर. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो आणि सगळं काम कीबोर्डवर होतं, माउस लागत नाही. दोन नावं कानावर येतील. जॉज हा डॉसच्या काळापासूनचा, ताकदवान आणि महाग. एनव्हीडीए फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या तरुणाने २००६ साली तो सुरू केला, तो स्वतः अंध आहे. म्हणजे खर्चाचा रकाना तुम्हाला बऱ्यापैकी कोरा ठेवता येईल. एनव्हीडीए मराठीही वाचतो. सोबत फुकट मिळणारा आवाज अगदी यांत्रिक आहे, पण सवय झाली की आम्ही तो इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला एक शब्द कळत नाही.

"आमच्या मशीनवर काही टाकायची परवानगी नाही" हे उत्तर तुम्हाला मिळणारच. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरूनही चालतो. पण सरकारी मशीनचे यूएसबी बहुधा बंद असतात, म्हणून लेखी परवानगी त्या रुजू व्हायच्या आधी काढून ठेवा. नाहीतर पहिले पंधरा दिवस त्या नुसत्या खुर्चीवर बसून राहतील आणि तेवढ्यात शाखेचं मत कायमचं बनेल.

हेडफोन एका कानाचा घ्या, म्हणजे दुसऱ्या कानाला साहेबांची हाक ऐकू येते. आणि हेडफोन म्हणजे गाणी नव्हेत, हे शाखेत आधी सांगून ठेवा. माझ्या सुरुवातीच्या एका साहेबांनी "कामाच्या वेळेत कानात घालून बसतो" म्हणून मेमोची तयारी केली होती.

अजून एक गंमत. गोपनीय मजकूर मागून कुणी वाचू नये म्हणून एनव्हीडीएत स्क्रीन पूर्ण काळी करायची सोय आहे. मी ती कायम चालू ठेवतो. लोक येऊन सांगतात, "अहो, तुमचा कॉम्प्युटर बंद आहे." तोवर माझं अर्धं पत्र झालेलं असतं.

अण्णा_सांगलीकर | सोमवार, सायंकाळी ६:३०
आयुष्य नस्त्यांत गेलं, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. टिपणी म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. मागचं पान बघायचं, शासन निर्णय काढायचा, सेवापुस्तकातली नोंद पडताळायची आणि मग सही करायची. वेतननिश्चितीत एक आकडा चुकला तर वसुली निघते. तेव्हा जबाबदार कोण? सॉफ्टवेअर?

आणि टेलिफोन ऑपरेटरचं काम हलकं समजू नका. आमच्या वेळी एक अंध ऑपरेटर होते, सगळ्या जिल्ह्याचे नंबर तोंडपाठ. कलेक्टरसुद्धा त्यांना नावाने ओळखायचे. मानाने नोकरी केली त्यांनी.

मुक्ता_आकाश | सोमवार, रात्री ८:१२
अण्णा, मोबाइल आल्यावर ते पद राहिलं कुठे? आणि उल्हासनगरच्या, पूर्ण अंध असलेल्या प्रांजल पाटील विसरलात का? यूपीएससीत पहिल्यांदा ७७३ वा क्रमांक आला, रेल्वे लेखा सेवा मिळाली आणि दृष्टीचं कारण पुढे करून रेल्वेने घेतलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक काढला आणि आयएएस झाल्या. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला सब-कलेक्टर होत्या. तिथे नस्त्या नसतात का?

अण्णा_सांगलीकर | सोमवार, रात्री ८:५०
असतात, ताई. पण सब-कलेक्टरच्या हाताखाली वाचून दाखवायला माणसं असतात. लिपिकाच्या हाताखाली कोण असतं? पंखा.

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री ८:५३
तोही तीनवरच अडकलेला.

काळी_दोन | सोमवार, रात्री १०:१५
अण्णांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण अडचण कुठे येते ते बघा.

आकडे वाचणं ही माझी अडचण नाही. एक्सेलमध्ये बाण दाबला की "डी चौदा, बेचाळीस हजार सातशे" असं ऐकू येतं. डोळसांची नजर ओळ सोडून खाली घसरते, माझ्याबाबतीत ते होत नाही.

अडचण ही. मागे एका शाखेकडून थकबाकीची यादी आली. वरच्या तीन ओळींचे रकाने मर्ज (एकत्र) करून मधोमध बँकेचं नाव, त्याखाली पुन्हा मर्ज करून तालुके, आणि थकीत खाती लाल रंगात. मी खाली खाली बाण मारत गेलो, सगळे आकडे ऐकले, पण लाल कुठला हे यंत्र आपणहून सांगत नाही. मर्ज केलेल्या मथळ्यांमुळे कुठला आकडा कुठल्या तालुक्याचा हेही कळेना. शेजारी एक रकाना घालून त्यात नुसतं "थकीत" लिहिलं असतं तर फिल्टर लावून लगेच काम उरकलं असतं. शेवटी फोन करून "लाल वाचून दाखवा" म्हणावं लागलं. त्या साहेबांना वाटलं असेल, अंध माणसाला मदत केली. खरं म्हणजे फाइल त्यांची आंधळी होती.

चिंचोके | मंगळवार, सकाळी ९:०२
शेवटच्या वाक्याला +१००.

मी वेबसाइटी बनवतो. दगडफूल, तुमची खरी डोकेदुखी जुनी कागदपत्रं. दोन प्रकार आहेत.

एक म्हणजे स्कॅन. शासन निर्णयाची प्रिंट काढायची, साहेबांची सही घ्यायची, पुन्हा स्कॅन करून पीडीएफ पाठवायची. ती पीडीएफ म्हणजे फोटो. स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतो. मजकूर मूळ संगणकावर असतानाही आपण त्याचा फोटो काढून पाठवतो, ही आपली कार्यालयीन परंपरा.

दुसरा फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख वगैरेंच्या जुन्या फायली डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमधला "भारत" संगणकाच्या लेखी "एच के के जे आर" असतो आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. तुमच्या शाखेत २०१० च्या आधीची पत्रं असतील तर ती सगळी त्यांच्यासाठी मंत्रोच्चार आहेत. नवीन टायपिंग तरी सक्तीने युनिकोडमध्ये करा, त्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं. तसे शासनाचेच आदेश आहेत.

युनिकोडची पीडीएफसुद्धा दर वेळी धड निघते असं नाही. पहिली वेलांटी जागा सोडून भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणून पीडीएफसोबत वर्डची मूळ फाइल ठेवा. फुकटातला इलाज आहे.

टपोरा_चंद्र | मंगळवार, दुपारी १:४०
मी अल्पदृष्टी गटात. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणारा आजार. नोकरीत लागलो तेव्हा चांगलं दिसायचं, आता नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. दिसत असून अडखळतो म्हणून लोकांना नाटक वाटतं, हा वेगळा धागा होईल.

मला स्क्रीन रीडर अजून पूर्णवेळ लागत नाही. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग येतं, कंट्रोल-आल्ट-आय दाबलं की रंग उलटे, काळ्यावर पांढरं. कुठलाही खर्च नाही. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो टेबल फिरवल्याने. आधी पाठीमागच्या खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडायचा.

नोकरीत असताना दृष्टी गेली म्हणून घाबरलेलं कुणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेत अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. राजीनामा लिहून मागितला तर देऊ नका. वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. दगडफूल, तुमच्या परवानगीच्या पत्रात तो आकडा घाला, फाइल लवकर हलते.

उत्तररात्र | मंगळवार, दुपारी ३:१८
वाखु (वाचनखूण) साठवली. खूपच छान माहिती 🙏🙏🙏🙏🙏👏👏👏👏💐💐💐

काळी_दोन | मंगळवार, दुपारी ३:३०
उत्तररात्र, धन्यवाद. तुमचा प्रतिसाद मला असा ऐकू आला: "खूपच छान माहिती जोडलेले हात जोडलेले हात जोडलेले हात जोडलेले हात जोडलेले हात टाळ्या टाळ्या टाळ्या टाळ्या फुलांचा गुच्छ फुलांचा गुच्छ फुलांचा गुच्छ". सत्कार झाल्यासारखं वाटलं.

उत्तररात्र | मंगळवार, दुपारी ३:४४
अरे देवा. म्हणजे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी तुमचं काय होत असेल!

काळी_दोन | मंगळवार, दुपारी ३:५१
ग्रुप म्यूट आहे. सुप्रभातचे सगळे फोटोच असतात, त्यामुळे सुविचारांपासून आपोआप सुटका.

दगडफूल | मंगळवार, सायंकाळी ५:२०
सर्वांचे आभार. त्यांच्याशी फोनवर बोललो, पुढच्या आठवड्यात कार्यालय बघायला येणार आहेत. दोन शंका. पगाराचं खातं काढताना काही अडचण येते का? आणि शुद्धलेखनाचं कसं जमतं? आमचे साहेब ऱ्हस्व-दीर्घावरून नस्ती परत पाठवतात.

काळी_दोन | मंगळवार, रात्री ९:३५
खातं शाखेत जाऊन काढलं तर अडू नये. कुणी "सोबत डोळस खातेदार आणा" म्हणालं तर नियम दाखवायला सांगा, तसा नियम नाही. मोबाइलवरच्या केवायसीचा मात्र तमाशा आहे. कॅमेरा म्हणतो, चौकटीत चेहरा धरा, पापण्या मिटा-उघडा. चौकट कुठे आहे हे आम्हाला कळणार कसं? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणी आणि एक अंध वकील याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी बदलायचे वीस निर्देश दिले. अंमलबजावणी आपल्या गतीने चालू आहे.

शुद्धलेखनाची शंका खरी आहे. "दिन" आणि "दीन" यंत्राच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. शंका आली की बाणाच्या कळीने अक्षर अक्षर तपासावं लागतं, तेव्हा वेलांटी कुठली ते कळतं. ब्रेल डिस्प्ले असेल तर प्रश्नच उरत नाही. कीबोर्डसमोर एक पट्टी असते, तिच्यावर टिंबं वर-खाली होतात आणि ओळ बोटाखाली येते. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) ऱ्हस्व-दीर्घाला वेगळी चिन्हं आहेत. पण चाळीस घरांचा (एका घरात एक ब्रेल चिन्ह) डिस्प्ले लाखाच्या पुढे जातो. सुरुवातीला वीस घरांचा मागा, तेवढ्यावर भागतं.

मुक्ता_आकाश | मंगळवार, रात्री १०:०४
अवांतर: कँटीनमध्ये पैसे कसे ओळखता? जुन्या नोटा निदान लहान-मोठ्या होत्या.

काळी_दोन | मंगळवार, रात्री १०:२०
दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६, १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक, तोही नोट कोरी असेल तर. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप २०२० पासून आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलतं. पण मागे रांग असताना ते कोण उघडणार? आता यूपीआयने सोय झाली.

पाववडा_पार्सल | बुधवार, सकाळी ८:१५
तुम्ही सगळे २०१५ सालात आहात. आता एआय आलंय. बी माय आइज या ॲपमध्ये २०२३ पासून फोटो काढला की सगळं वर्णन करून मिळतं. सेवापुस्तकाच्या पानाचा फोटो काढा, मराठी हस्ताक्षरही वाचून देईल. फॉन्ट, मर्ज सेल, कशाला एवढी चर्चा?

अण्णा_सांगलीकर | बुधवार, सकाळी ९:३०
शासकीय कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक परदेशातल्या सर्व्हरवर चढवायचं? आमच्या वेळी सेवापुस्तक कार्यालयाबाहेर नेलं तरी खुलासा द्यावा लागायचा.

काळी_दोन | बुधवार, सकाळी ९:५८
अण्णांशी पूर्ण सहमत (तारीख लिहून ठेवा). मी घरी पाकिटावरची कृती वाचायला, औषधाची पट्टी ओळखायला ही ॲप रोज वापरतो. पण ती जिथे दिसत नाही तिथे गप्प बसत नाहीत, काहीतरी जुळणारं ठोकून देतात, तेही ठाम आवाजात. १४ जूनची १९ जून झाली तर मला ऐकून शंकासुद्धा येणार नाही. वेतनवाढीच्या तारखेला हा धोका परवडत नाही.

हस्तलिखित सेवापुस्तकावर यंत्राचा इलाज शोधू नका. कामाची अदलाबदल करा. जुनी पुस्तकं सहकारी बघेल आणि त्याच्या वाट्याची टाइप केलेली पत्रं, स्मरणपत्रं, माहिती अधिकाराची उत्तरं ह्या करतील.

सुमेधा७ | बुधवार, दुपारी ४:४०
मी इंग्लंडमध्ये एका नगरपालिकेत आहे. इथे ॲक्सेस टू वर्क नावाची सरकारी योजना १९९४ पासून आहे. उपकरणं, प्रशिक्षण, गरज असेल तर वाचून दाखवणारा माणूस, याचा खर्च त्यातून मिळतो. ऐकायला स्वर्ग वाटेल, पण अर्ज मंजूर व्हायला महिनोन् महिने लागतात. माझ्या टीममधल्या अंध सहकाऱ्याने तोवर एनव्हीडीएवरच काम सुरू केलं. मीटिंगमध्ये मात्र आम्ही एक पाळतो. स्क्रीन शेअर केलेला मजकूर त्याच्याकडे नुसतं चित्र म्हणून जातो, म्हणून फाइल आधी मेल करतो. आणि "हे इथे बघा" असं कुणी म्हणालं की बाकीचे ओरडतात, "कुठे?"

टपोरा_चंद्र | बुधवार, सायंकाळी ६:१०
सहीबद्दल कुणीच बोललं नाही. पुठ्ठ्याला सहीएवढी आयताकृती खिडकी कापायची. सहकाऱ्याने ती योग्य जागी ठेवली की आतल्या आत सही होते. खर्च शून्य, निविदा नको.

प्रशिक्षण लागलं तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिबाधितांसाठीचं एक्सआरसीव्हीसी केंद्र आहे, २००३ पासूनचं. वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था आहेच, १९५२ पासून.

दगडफूल | पुढचा सोमवार, रात्री ९:१०
त्या येऊन गेल्या, तेव्हा वृत्तांत.

जिना, प्रसाधनगृह आणि टेबल एकदा सोबत फिरून दाखवलं. दुसऱ्यांदा त्या एकट्या गेल्या. वाटेत ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यांना काठी लागली, ते शिपाईमामांनी न सांगता हलवले. मग माझ्या मशीनवर आमच्याच फायली उघडून दाखवल्या. अलीकडची पत्रं व्यवस्थित वाचली गेली. त्यांनी तिथल्या तिथे एक स्मरणपत्र टाइप केलं, पत्र लिहिणारी बोटं माझ्यापेक्षा जलद आहेत. जुन्या फायली चिंचोके म्हणाले तशाच निघाल्या. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "सर, ही भाषा मला येत नाही."

पण सगळ्यात जास्त अडकलं ते फायलींच्या नावांशी. आमच्या शाखेचं फोल्डर त्यांच्या यंत्राने असं वाचलं: "नवीन. नवीन एक. नवीन फायनल. नवीन फायनल दोन. न्यू फोल्डर. न्यू फोल्डर तीन." डोळ्यांनी बघताना आम्ही अंदाजाने नेमकी फाइल उघडतो. मोठ्याने ऐकल्यावर सगळी शाखा खाली बघायला लागली.

आणि नस्त्यांच्या संगणक प्रणालीत लॉगिनलाच अडलं. कॅप्चा चित्रातला आहे, ऐकायची सोय नाही. आतमध्येही बरीच बटणं नुसती "बटन, बटन" अशीच वाचली जातात.

अण्णा_सांगलीकर | पुढचा सोमवार, रात्री ९:४५
नावांचा इलाज आवक बारनिशीत (आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत) आहे. वर्ष, विषय, नोंदणी क्रमांक. कागदाला जी शिस्त होती ती संगणकात आणताना कुणी सोडली ते सांगा.

चिंचोके | पुढचा सोमवार, रात्री १०:२०
अण्णा बरोबर आहेत. जुन्या फायलींसाठी कृतिदेव ते युनिकोड असे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, डोळ्यांनी तपासावंच लागतं. सगळं बदलत बसू नका. रोज लागणारी परिपत्रकं आणि नमुने आधी घ्या.

बिननावाची बटणं ही प्रोग्रामरची हलगर्जी आहे, दुरुस्तीला फार वेळ लागत नाही. भारतीय मानक आयएस १७८०२ यासाठीच आहे आणि २०२३ मध्ये ते दिव्यांग हक्क कायद्याच्या नियमांत आणलंय. प्रणाली चालवणाऱ्यांना पत्र लिहा आणि त्यात याचा उल्लेख करा.

काळी_दोन | पुढचा सोमवार, रात्री १०:५५
कॅप्चाऐवजी ओटीपीचा पर्याय मागा. आणि पत्र कार्यालयाच्या नावाने, साहेबांच्या सहीने जाऊ द्या. त्यांच्या नावाने गेलं तर "वैयक्तिक तक्रार" असा शेरा पडून नस्तीबंद होतं, आणि रुजू व्हायच्या आधीच त्या तक्रारखोर ठरतात.

दगडफूल | पुढचा सोमवार, रात्री ११:१२
साहेब सही करतील. मसुदा उद्या इथे टाकतो, टपोरा_चंद्र आणि चिंचोके, कलमं तेवढी तपासून द्या.